राखणदारांची मोजणी

लग्नाआधी मैत्रिणींनी मला नणंदेबद्दल पुष्कळ सावध केलं होतं. थोरली नणंद, लग्न न केलेली, त्यातून डॉक्टर आणि भावाच्याच घरात राहणारी. म्हणजे तुझं काही खरं नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मी मनाची तयारी करूनच त्या घरात गेले. पहिल्याच रविवारी सकाळी उठून बाहेर आले तर जेवणाच्या टेबलाशी ताई बसलेल्या. समोर कागद, हातात रंगीत पेन्सिली. जांभळ्या रंगाचे बारीक बारीक ठिपके त्या काढत होत्या आणि ठिपक्यांच्या मधून फिकट गुलाबी रंग हलक्या हाताने पसरत होत्या. खिडकीतलं ऊन कागदावर आलं होतं. मला वाटलं, ढग काढतायत.

"छान आहे," मी म्हटलं. काहीतरी बोलायला तर हवं होतं.

"एका बाईंच्या मानेतलं आहे," ताई मान वर न करता म्हणाल्या. मग पेन्सिल खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "चहा तू करतेस का? मी केलेला चहा कोणी दुसऱ्यांदा मागत नाही."

चहा मी केला. पुढची एकतीस वर्षं मीच केला, आणि मैत्रिणींनी घातलेली भीती कधी विरून गेली ते कळलंही नाही.

ताई लिम्फोमावर संशोधन करत. म्हणजे काय, ते त्यांनी मला मटार सोलता सोलता सांगितलं. आपल्या मानेत, काखेत, जांघेत बारीक ग्रंथी असतात; घसा दुखला की सुजतात त्याच. अंगात काही नको ते शिरलं तर त्याच्याशी लढणाऱ्या पेशींचा मुक्काम तिथे असतो. कधीतरी त्या पेशींमधलीच एखादी बिघडते आणि स्वतःसारख्या आणखी करत सुटते. गाठ वाढते. हा त्या ग्रंथींचा कॅन्सर.

"म्हणजे बाहेरचं कोणी नसतंच," त्या म्हणाल्या. "घरातलंच माणूस बिघडलेलं असतं."

"नणंदेसारखं," मी म्हणून गेले आणि जीभ चावली. ताई इतक्या हसल्या की मांडीवरचे मटार खोलीभर झाले, आणि ते गोळा करायला आम्ही दोघी टेबलाखाली शिरलो.

लोक त्यांना हमखास विचारत, तुमच्या घरात कोणाला झाला होता का? कोणालाच झाला नव्हता. आईवडील दोघेही चांगले म्हातारे होऊन गेले. ताई सांगत की शिकत असताना पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला, तेव्हा आत इतकं शांत होतं की मान वर करावीशी वाटेना. सगळे पुढच्या तासाला निघून गेले तरी त्या तिथेच. शेवटी शिपायाने दिवे घालवले. एवढंच कारण. ऐकणाऱ्यांची निराशा व्हायची, पण ताई त्यात भर घालायला तयार नसत.

त्यांची प्रयोगशाळा हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. मी ऑफिसात टंकलेखनाचं काम करायची. माझी सुट्टी त्यांच्या आधी तासभर. म्हणून पुष्कळदा तिथे जाऊन बसायची आणि आम्ही एकत्र घरी यायचो. लांबलचक खोली, एका बाजूने ओळीने खिडक्या. खाली हॉस्पिटलचं धुलाईघर होतं, त्याची वाफ दिवसभर वर येत असे, त्यामुळे खिडक्यांबाहेर शहर कधी असायचं, कधी नसायचं. दुपारी चारच्या सुमारास त्या वाफेवर ऊन पडलं की खोलीतला उजेड दुधासारखा व्हायचा आणि सगळे आपोआप हळू बोलायला लागायचे.

त्या खोलीतले सगळ्यात महत्त्वाचे गृहस्थ म्हणजे कापणारे काका. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि यंत्रावर त्याचे काप काढायचे, हे त्यांचं काम. केस उभा चिरून त्याचे दहा-वीस भाग करावेत इतका पातळ काप. यंत्राचं चाक फिरवताना काका श्वास रोखून धरायचे. बोलायला गेलात तर फक्त भुवई उचलायचे. पात्याखालून कापांची एकाला एक चिकटलेली फीत बाहेर यायची. ती ते कोमट पाण्यावर अलगद सोडायचे. पाण्यावर सुरकुत्या आपोआप उलगडायच्या आणि त्यात मुळात काहीच नाही असं वाटण्याइतकी ती फीत स्वच्छ व्हायची. मग पाण्याखालून काचपट्टी तिरकी वर आणून काका एकच काप उचलायचे. मी तासन्‌तास बघत बसले असते. ताईही बघायच्या. डॉक्टर त्या, पण काकांना त्या "अहो-जाहो" करायच्या आणि काका त्यांना "बाई" म्हणायचे.

ताईंनी हळू वाढणारा लिम्फोमा घेतला होता. हा आजार विचित्र. औषध दिलं की गाठी विरघळतात, दोन-चार वर्षांनी परत येतात. पुन्हा औषध, पुन्हा तेच. माणूस दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं त्याच्यासोबत काढतो. त्या काळी त्यांच्या हॉस्पिटलात तरी निदान झालं की लगेच जहाल औषधं सुरू, असा शिरस्ता होता. तो चालवणारे होते औषधवाले डॉक्टर. उंच, सदा घाईत, जेवणसुद्धा उभ्याने करणारे. माणूस मनाचा चांगला, पण हात बांधून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

मी त्या घरात येऊन तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. ताई जुने ठोकळे आणि जुन्या फायली काढून वाचत होत्या. एका फाइलच्या शेवटी एकच ओळ होती, 'रुग्ण औषधासाठी आली नाही.' सहा वर्षांपूर्वीची. अशा फायली मेलेल्यांमध्ये धरायची पद्धत होती. ताईंनीही तशीच धरली, आणि महिनाभराने तेच नाव त्यांना खालच्या मजल्यावरच्या त्या दिवसाच्या यादीत दिसलं. हात भाजला म्हणून आलेली बाई. ताई जिने उतरून धावत खाली गेल्या.

ती बेकरीवाली होती. पंजाला पट्टी बांधून बाकावर बसली होती. ताईंनी जुनी फाइल दाखवताच ती ओशाळली. तिला वाटलं आता बोलणी बसणार. दुकानात तेव्हा माणूस नव्हतं, ती सांगू लागली. मग भट्टी बदलली. मग सासू पडून होती. नंतर बरं वाटायला लागलं आणि राहूनच गेलं. ताईंनी तिच्या मानेला हात लावून पाहिला. सहा वर्षांपूर्वी सुपारीएवढ्या लिहिलेल्या गाठी आता मसुराएवढ्या होत्या. काहीही औषध न घेता.

बेकरीवालीने एक गाठ काढू दिली. काकांनी जुन्या आणि नव्या गाठीचे काप शेजारी शेजारी ठेवले. ताई त्या दोन काचपट्ट्यांपुढे तीन दिवस बसल्या. घरी यायच्या, जेवायच्या, पण बोललेलं त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचायचं. मीठ दे म्हटलं तर पाच मिनिटांनी देत. चौथ्या दिवशी चालत घरी येताना त्या मला म्हणाल्या, की आपण सगळे बिघडलेल्या पेशीच मोजतो. त्यांच्या आजूबाजूला ज्या बसलेल्या असतात, ज्या बिघडलेल्या नाहीत, त्या कोणीच मोजत नाही. बेकरीवालीच्या गाठीत त्या खच्चून भरल्या होत्या.

"त्या काय करतात?" मी विचारलं.

"ठाऊक नाही. राखण करत असतील."

तेव्हापासून आमच्या घरात त्यांना राखणदार म्हणायचा प्रघात पडला. माझा नवरासुद्धा जेवताना विचारायचा, ताई, आज राखणदार किती?

मोजणी सुरू झाली. एका हातात दाबलं की आकडा पुढे सरकणारं छोटं यंत्र, दुसरा हात काचपट्टी सरकवायला. एका रुग्णाच्या काचपट्टीवर चाळीस जागा, प्रत्येक जागेतले सगळे राखणदार. टिक, टिक, टिक. एकूण तीनशे अठरा रुग्ण. ताई सांगायच्या की मोजता मोजता एक वेळ अशी येते की आपण मोजतोय हे विसरायला होतं. गुलाबी रानातून चालत गेल्यासारखं वाटतं, वाट नसते, आवाज नसतो, आणि तरी बोट बरोबर चालू असतं. मग कोणीतरी दार वाजवतं आणि खोली, टेबल, स्वतःचे हात, सगळं एकेक करून परत येतं. तो परतीचा क्षण त्यांना आवडत नसे. पाच वर्षं त्या अशा ये-जा करत राहिल्या. केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. माझी मुलगी चालायला, बोलायला आणि आत्याच्या पेन्सिली पळवायला शिकली.

निबंध मी टाइप केला. मला टाइप करता येत होतं, एवढीच माझी आणि शास्त्राची सोयरीक. त्यातलं म्हणणं असं होतं, की ज्यांच्या गाठीत राखणदार भरपूर, त्यांना लगेच औषध न देता नुसतं लक्ष ठेवून थांबता येईल. निबंध छापून आला, त्याची थोडी वाहवा झाली. औषधवाले डॉक्टर दोन महिने भांडले आणि मग एक दिवस उभ्याउभ्याच म्हणाले, ठीक आहे, थांबून बघू.

पण थांबा हे माणसाला सांगायचं कसं? तुम्हाला कॅन्सर आहे आणि आम्ही तूर्तास काहीही करणार नाही, हे ऐकून कोणाचा विश्वास बसेल? औषधवाले डॉक्टर म्हणाले, तुमची कल्पना, तुम्हीच सांगा. म्हणून ताई खालच्या मजल्यावर रुग्ण तपासायच्या खोलीत बसू लागल्या. काही रुग्ण रागावत, काही दुसरीकडे जात. काहींना मात्र पटे. त्यातलाच एक होता लिफ्टवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा. हॉस्पिटलची लिफ्टही त्याच्याकडेच होती. वय एक्कावन्न. ताईंचं बोलणं ऐकून तो म्हणाला, "थांबायचंच ना? माझं निम्मं आयुष्य दोन मजल्यांच्या मध्ये थांबण्यात गेलंय." ताईंनी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं होतं. त्यांना तो आवडला होता. मोजणीत त्याचे राखणदार जवळजवळ सगळ्यांत जास्त भरले होते.

चौदा महिन्यांनी लिफ्टवाल्याला ताप यायला लागला. एका आठवड्यात पोटात मोठी गाठ वाढली. हळू चालणारा आजार कधी कधी अचानक पळायला लागतो; तसा तो पळाला. औषधवाल्या डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. अकरा आठवड्यांत माणूस गेला.

ताईंनी घरी सांगितलं ते कपडे घडी करताना. एक टॉवेल त्यांनी चारदा घडी केला. माझा नवरा म्हणाला, ताई, औषध दिलं असतं तरी असं झालंच नसतं कशावरून? त्या म्हणाल्या, कशावरूनच नाही. आणि तो टॉवेल पाचव्यांदा उलगडला.

तीन आठवड्यांनी दुपारी मी प्रयोगशाळेत बसले होते, तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. साधी, नीटनेटकी, हातात पिशवी. लिफ्टवाल्याची बायको. चार मजले चढून आली होती आणि धाप लागली होती. काकांनी तिला खुर्ची दिली, मी पाणी दिलं. पाणी पिऊन ती ताईंना म्हणाली, की ह्यांच्या मानेतून काढलेला तुकडा तुमच्याकडे आहे असं कळलं. तो मला बघायचाय.

ताईंनी काही विचारलं नाही. दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल असा एक मायक्रोस्कोप तिथे शिकवण्यासाठी होता. त्यावर त्यांनी काचपट्टी लावली, तिला एका बाजूला बसवलं, आपण समोर बसल्या. बाईला आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. ताईंनी तिला चष्मा काढायला सांगितला, खुर्ची वर केली. मग ती एकदम स्थिर झाली.

बाहेर धुलाईघराची वाफ चढत होती.

"यात रोग कुठला आणि हे कुठले?" तिने विचारलं.

ताईंनी भिंगात दिसणारा बाण हलवून दाखवायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबल्या. "सगळे तेच आहेत," त्या म्हणाल्या. "रोगही त्यांचाच. तो बाहेरून आलेला नव्हता."

बाई बघत राहिली. मग डोळा न काढता तिने विचारलं, "तुमचं चुकलं का?"

मला वाटलं, ताई आता ते सगळं सांगतील: शक्यता, टक्केवारी, औषधानेही काय झालं असतं याची खात्री नसणं. सगळं खरंच होतं. काकांनीसुद्धा हातातलं चाक थांबवलं होतं.

"हो," ताई म्हणाल्या. "मोजणी बरोबर होती. मी तिचा लावलेला अर्थ चुकला."

बाईने मान हलवली. तिने चष्मा घातला, पिशवी उचलली आणि जाताना म्हणाली की रंग फार सुंदर आहेत, हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. काका तिला खालपर्यंत सोडायला गेले.

त्यानंतर ताईंनी नव्या रुग्णांना थांबायला सांगणं बंद केलं आणि रजा घेतली. पहिल्यांदाच त्या दिवसभर घरी दिसू लागल्या. करायला काही नव्हतं. मी त्यांना सार्वजनिक तलावावर पोहायला घेऊन जाऊ लागले. मला पोहता येत नाही, मी काठावर पाय सोडून बसायची. ताई पोहतही नसत. पाठीवर पडून राहत, कान पाण्याखाली, डोळे मिटलेले. छताच्या काचांमधून उजेड यायचा आणि पाण्यावरून उसळून त्यांच्या चेहऱ्यावर हलत राहायचा. हळूहळू वाहत त्या एका टोकाला जाऊन भिंतीला टेकायच्या, पायाने जरा ढकलून परत वाहू लागायच्या. शिट्टीवाल्या रखवालदाराने एकदा मला विचारलं, त्या बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, आहेत, विचार करतायत. खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं. एकदा बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या की पाण्याखाली स्वतःचं हृदय ऐकू येतं, आणि त्याला कशाचंच काही वाटत नाहीये असं वाटतं.

सात आठवडे असे गेले. मग एका सकाळी कापणारे काका घरी आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. प्रयोगशाळेबाहेर ते एकदम बुटके दिसले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेली काचपट्टी काढली. नव्या तऱ्हेचा रंग आला होता. एका विशिष्ट जातीच्या पेशीलाच चिकटणारा, चिकटला की तपकिरी होणारा. ताई नसताना काका तो वापरायला शिकले होते. चार दिवस बिघडत होता, पाचव्या दिवशी जमला. पहिला ठोकळा त्यांनी घेतला तो लिफ्टवाल्याचा.

ताई म्हणाल्या, मला नको दाखवू. घाईत त्या काकांना एकेरीत बोलल्या, हे दोघांच्याही लक्षात आलं. काका रागावले नाहीत. काचपट्टी टेबलावर ठेवून ते माझ्याकडचा चहा प्यायले आणि म्हणाले, "बाई, मी कापतो. बघणं काही मला येत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेल्या.

लिफ्टवाल्याच्या गाठीतले राखणदार, ते ओळीने मोजलेले, जवळजवळ सगळ्यांहून जास्त भरलेले. त्यातले निम्म्याहून अधिक तपकिरी झाले होते. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगात सगळे एकसारखे दिसत. पण हे तपकिरी झालेले राखणदार नव्हतेच. उलट ते खऱ्या राखणदारांना गप्प बसवणारे होते. ताईंनी मला समजावलं, की अशाही पेशी शरीराला लागतात. नाहीतर लढणारे लढत सुटतील आणि घर मोडून टाकतील. पण या गाठीत त्यांनी जागं असायला हवं त्यांनाच झोपवून ठेवलं होतं. बेकरीवालीच्या गाठीत असे तपकिरी शोधावे लागत होते.

म्हणजे तीनशे अठरा रुग्ण, पुन्हा पहिल्यापासून. आता प्रत्येकाचे दोन आकडे.

सहा वर्षं लागली. काही ठोकळ्यांत मेणाखेरीज काही उरलं नव्हतं, ते गळाले. मधल्या काळात काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी तीस ठोकळे कापून ठेवले, पुढच्या माणसाचा हात बसेपर्यंत अडायला नको म्हणून. बेकरीवाली वर्षातून एकदा येत राहिली. तिला आता पोरीने दुकानातून सक्तीची रजा दिली होती आणि ती याबद्दल तक्रार करायची. गाठींबद्दल नाही.

नवा निबंधही मीच टाइप केला, आता कॉम्प्युटरवर. पहिल्याच वाक्यावरून औषधवाले डॉक्टर आणि ताई यांची जुंपली. निबंधावर दोघांची नावं होती. डॉक्टरांचं म्हणणं, 'आमचा आधीचा निष्कर्ष अधिक नेमका करता आला' असं लिहू. तेही खोटं नाही. ताईंनी ते माझ्याकडून खोडून घेतलं. त्यांना हवं होतं, 'आमचा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता.' तीन वेळा मी एकाचं खोडून दुसऱ्याचं लिहिलं. शेवटी डॉक्टर आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

"लोक दुसरं वाक्य वाचणारच नाहीत," ते म्हणाले.

"न का वाचेनात," ताई म्हणाल्या. "पहिलं वाचतील ना?"

डॉक्टरांनी हात टेकले. मी त्यांना बसायला सांगितलं. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच खुर्चीत बसून जेवले.

दुसऱ्या हॉस्पिटलांतल्या लोकांनी आपापल्या ठोकळ्यांवर ही दुहेरी मोजणी करून पाहिली. एकांना ती बरोबर वाटली, एकांना अजिबात जुळेना, तिसऱ्यांचं अर्धंमुर्धं जुळलं. पत्रं येत राहिली, जात राहिली. तो सगळा धुरळा बसायला आणखी काही वर्षं गेली, आणि तो बसल्यावर जे उरलं ते असं, की हा आजार झालेल्या पाच माणसांपैकी एकाला तरी, घाई नको, तुम्ही निर्धास्त थांबा, असं बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. उरलेल्या चौघांच्या बाबतीत अंदाजच.

"एवढंच?" माझ्या नवऱ्याने विचारलं. त्याला कुजकटपणा करायचा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"एवढंच," ताई म्हणाल्या, आणि परत भात घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांना दुसऱ्यांदा वाढून घेताना पाहिलं नव्हतं.

त्या निवृत्त झाल्या त्यानंतर वर्षभराने त्यांना एक बोलावणं आलं. थांबलेल्या रुग्णांनी आपला एक गट केला होता, त्यांच्या भेटीला. ताई म्हणाल्या, मला माणसांपुढे बोलता येत नाही, तू चल. आम्ही दोघी गेलो. एका शाळेचं सभागृह, सुट्टीचा दिवस, लहान मुलांच्या मापाच्या खुर्च्या. साठ-सत्तर माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. सगळ्यांच्या गाठी त्यांच्या मानेत, काखेत, जिथल्या तिथे, आणि माणसं पंखा लावा की बंद करा यावर वाद घालत होती.

ताईंनी दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं, लिफ्टवाल्यासकट. मग एक मध्यमवयीन बाई उठली. ती म्हणाली, मी नऊ वर्षं थांबलेय. मला फक्त एवढंच विचारायचंय, की या थांबण्यात दिवस कसा काढायचा असतो.

ताईंनी चष्मा काढून हातात धरला. मला वाटलं, मधूनच कुठेतरी निघून गेल्या, त्या गुलाबी रानात. मग म्हणाल्या, "मला नाही माहीत. मी तुम्हाला काचेवरच पाहिलंय. तुम्हीच सांगा."

आणि लोक सांगू लागले. एकाने सांगितलं की तो दाढी करताना मान चाचपायचा, आता दाढीच वाढवली. एकीने विम्यावाल्याची नक्कल केली. कोणी म्हणालं, पहिली दोन वर्षं फार वाईट, मग विसर पडतो, मग विसरल्याचीच भीती वाटते. एका म्हाताऱ्याने सांगितलं की त्याने घराला मजला चढवलाय आणि मुलं त्याला वेड्यात काढतायत. ताई त्या बुटक्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. मजला कसा चढवला, घराच्या पायाला पेलला का, जिना कुठून काढला, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. म्हातारा खूश. त्याने खडू घेऊन फळ्यावर नकाशाच काढला. दोन तासांचा कार्यक्रम साडेचार तास चालला.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या. ऊन उतरतीला लागलं होतं. दुकानं, भिंती, सायकली, वाळत घातलेल्या चादरी एकापाठोपाठ एक सोनेरी होऊन मागे जात होत्या. त्या काहीतरी सांगायला लागल्या, जिन्याबद्दलच असावं, आणि अर्ध्या वाक्यात त्यांचा डोळा लागला. डोकं माझ्या खांद्यावर आलं. हलकं होतं. आमचा थांबा आला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि उठले नाही. थांबा गेला. फोन वाजला, माझा नवरा विचारत होता, कुठे आहात? मी हळू आवाजात म्हटलं, येतोय, जरा पुढे जाऊन येतो.